खिडकी उघडणारा प्रोग्रॅम लिंक होताना अडतो तेव्हा: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आणि त्याच्या भाऊबंदांचे निवारण

लक्षण नेहमीचेच असते. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला, पडद्यावर खिडकी उघडून काही रेखाटणारा प्रोग्रॅम, मग तो स्वतः लिहिलेला असो, प्रयोगशाळेच्या वहीतला असो किंवा वीस वर्षांपूर्वीच्या सोर्स कोडच्या गठ्ठ्यातून बाहेर काढलेला असो, जीसीसी या कंपायलरने कंपाइल करायला घेतला की एकही तक्रार न करता पुढे सरकतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एक्सओपनडिस्प्ले’, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एक्समॅपविंडो’ अशा ओळींची रांग लावून थांबतो. सर्वांत शेवटी ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ असे छापले जाते आणि पुष्कळ जण नेमकी तीच ओळ शोधायला घेतात. त्या ओळीत लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम तयार करणारे साधन, अपयशी ठरला यापलीकडे काहीही माहिती नसते. कामाची माहिती असते ती पहिल्या ओळीत, त्यामुळे टर्मिनल वर सरकवून ती आधी वाचावी.

पुढील मजकुरात कमांड आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत. जिथे लहान आणि कॅपिटल अक्षरांतील फरकामुळे एरर येते, तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

मूळ कारण

प्रोग्रॅमच्या वरच्या भागात हेडर फाइल समाविष्ट केली म्हणजे लायब्ररीही जोडली गेली, हा समज या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. हेडर फाइल फक्त कंपायलरला सांगते की एक्सओपनडिस्प्ले नावाचे एक फंक्शन आहे, ते अमुक प्रकारची माहिती घेते आणि तमुक प्रकारचे उत्तर देते. त्या फंक्शनचा प्रत्यक्ष कोड लिबएक्स११ या, युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ प्रणालीच्या, लायब्ररीत असतो आणि ती लायब्ररी जोडायची आहे हे लिंकरला वेगळे सांगावे लागते. प्रिंटएफसाठी असे काही सांगावे लागत नाही, कारण सी भाषेची मूळ लायब्ररी जीसीसी स्वतःहून जोडतो. त्यामुळे पहिली काही वर्षे विद्यार्थ्याला लिंकर नावाचा टप्पा अस्तित्वात आहे याची जाणीवही होत नाही. टर्बो सी वर ग्राफिक्स शिकलेल्यांना मात्र हा प्रकार वेगळ्या वेषात परिचित असेल: तिथे लिंकरच्या पर्यायांमध्ये ‘ग्राफिक्स लायब्ररी’ या चौकटीवर खूण केलेली नसली की इनिटग्राफ सापडत नसल्याची तक्रार येत असे. युनिक्सवर ती खूण करण्याची जागा म्हणजे कमांडमधील -एल हा पर्याय.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एनएम ही कमांड पुरेशी आहे. घड्याळ.सी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम -सी पर्याय देऊन फक्त कंपाइल करावा, म्हणजे लिंकिंग न होता घड्याळ.ओ ही ऑब्जेक्ट फाइल तयार होते. त्या फाइलवर एनएम चालवल्यावर मेनच्या पुढे टी आणि एक्सओपनडिस्प्लेच्या पुढे यू असे अक्षर दिसते. टी म्हणजे त्या फंक्शनचा कोड याच फाइलमध्ये आहे. यू म्हणजे नाव वापरले आहे, पण कोड दुसरीकडून आणायचा आहे. आता तीच कमांड कॅपिटल डी हा पर्याय देऊन लिबएक्स११ च्या फाइलवर चालवली की तिथे एक्सओपनडिस्प्लेच्या पुढे टी दिसेल. प्रत्येक यू साठी कुठेतरी एक टी सापडवून देणे, एवढेच लिंकरचे काम आहे, आणि ही एरर म्हणजे त्या यादीतील न जुळलेल्या नावांचा हिशेब आहे. म्हणून अशी एरर आल्यावर प्रोग्रॅमच्या तर्कात बदल करत बसणे व्यर्थ आहे. नावाचे स्पेलिंग चुकले नसेल, तर दोष बहुतेक वेळा कमांडमध्ये असतो, कोडमध्ये नाही.

पर्याय दिला आहे, तरीही तीच एरर

सर्वाधिक वेळ खाणारा प्रकार हाच आहे, त्यामुळे त्याकडे नीट पाहू. पुढील दोन कमांड बघा.

जीसीसी -एलएक्स११ घड्याळ.सी -ओ घड्याळ

जीसीसी घड्याळ.सी -ओ घड्याळ -एलएक्स११

दोन्हींत तेच शब्द आहेत, फक्त जागा वेगळी आहे. उबुंटूवर पहिली कमांड ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देते आणि दुसरी बिनबोभाट चालते. कारण ग्नू लिंकर आपल्यासमोर आलेली नावे डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत जातो. पहिल्या कमांडमध्ये लिबएक्स११ त्याच्यासमोर येते तेव्हा त्याच्या यादीत एकही न जुळलेले नाव नसते, कारण घड्याळची ऑब्जेक्ट फाइल अजून त्याने पाहिलेलीच नसते. साहजिकच या लायब्ररीची गरज नाही असे ठरवून तो ती बाजूला ठेवतो. पुढे घड्याळची फाइल येते, एक्सओपनडिस्प्ले हवे म्हणते, आणि तोपर्यंत लायब्ररी मागे राहिलेली असते.

येथे एक ऐतिहासिक गुंता आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे ‘माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का चालत नाही’ असे वाद होतात. स्थिर, म्हणजे शेवटी .ए असलेल्या, लायब्ररींच्या बाबतीत क्रमाचा नियम पहिल्यापासून लागू होता. शेअर्ड, म्हणजे .एसओ असलेल्या, लायब्ररी मात्र कुठेही लिहिल्या तरी पूर्वी जोडल्या जात. उबुंटूने ११.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ च्या अखेरीस, लिंकरला ‘--ॲज-नीडेड’ हा पर्याय आपणहून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे वाचनाच्या त्या क्षणी गरज नसलेली शेअर्ड लायब्ररीही वगळली जाऊ लागली आणि तोवर वर्षानुवर्षे चाललेल्या असंख्य मेकफाइल, म्हणजे मेक या साधनाला प्रोग्रॅम कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइली, एका रात्रीत मोडल्या. डेबियनवर हा पर्याय मुळात चालू नसतो, म्हणून वरची पहिली कमांड तिथे चालू शकते. ॲपलचा लिंकर आणि एलएलव्हीएम प्रकल्पाचा एलएलडी हे दोघेही क्रमाच्या बाबतीत बरेच उदार आहेत. म्हणून मॅकवर व्यवस्थित लिंक होणारा प्रोग्रॅम लिनक्सवर आणताच अडतो. यावर ‘--नो-ॲज-नीडेड’ देऊन जुनी वागणूक परत आणण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो तात्पुरता उपयोगी पडतो, पण माझ्या मते तो टाळावा, कारण क्रम बदलायला एक क्षण लागतो आणि तसा बदललेला क्रम सर्वच प्रणालींवर चालतो.

मेकफाइलमध्ये हा दोष थोडा लपलेला असतो. मेकच्या अंगभूत नियमात लिंकिंगची ओळ अशी रचलेली आहे की एलडीफ्लॅग्ज या चलातील मजकूर ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतो आणि एलडीलिब्ज या चलातील मजकूर त्यांच्या नंतर. त्यामुळे -एलएक्स११ हे एलडीफ्लॅग्जमध्ये लिहिले की वरची पहिली कमांडच नकळत तयार होते. एलडीफ्लॅग्जमध्ये फक्त कॅपिटल एल ने सुरू होणारे शोधमार्ग आणि -डब्ल्यूएल ने सुरू होणारे लिंकरचे पर्याय ठेवावेत; लायब्ररींची नावे एलडीलिब्जमध्ये घालावीत. ऑटोकॉन्फ वापरणाऱ्या प्रकल्पांत याच कामासाठी लिब्ज हे चल असते. जुन्या एक्स११ प्रोग्रॅमांच्या मेकफाइल उघडून पाहिल्या तर निम्म्या वेळा एवढा एकच बदल पुरतो.

लायब्ररींचा आपापसांतील क्रमही याच नियमाने ठरतो: जी दुसरीवर अवलंबून आहे ती आधी, जिच्यावर अवलंबून आहे ती नंतर. त्रिमितीय चित्रांसाठीच्या ओपनजीएलच्या पारंपरिक प्रोग्रॅमात ग्लट (खिडकी उघडणारी लायब्ररी), मग ग्लू (सहायक फंक्शनांची), मग जीएल आणि शेवटी गणिताची लायब्ररी एम, असा क्रम ठेवावा. दोन स्थिर लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील तर त्या ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’ यांच्यामध्ये ठेवता येतात, पण ग्राफिकल प्रोग्रॅमांत ती वेळ क्वचितच येते.

‘कॅनॉट फाइंड -एलएक्स११’

हा संदेश वेगळा आहे आणि त्याचे निदान सोपे आहे: पर्याय दिला गेला, पण फाइलच सापडली नाही. येथे वापरकर्ता सहसा चक्रावतो, कारण त्याच्या समोर ग्राफिकल डेस्कटॉप चालू असतो, म्हणजे लिबएक्स११ यंत्रात असल्याचे त्याला दिसत असते. लायब्ररी असतेही, पण ती लिबएक्स११.एसओ.६ या नावाने असते. लिंकर -एलएक्स११ वरून शोधतो लिबएक्स११.एसओ किंवा लिबएक्स११.ए, शेवटच्या आकड्याविना. आकड्याविना असलेले ते नाव ही केवळ एक सिम्बॉलिक लिंक असते आणि ती हेडर फाइलींसोबत विकासकांसाठीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येते. डेबियन आणि उबुंटूवर त्या पॅकेजच्या नावाअखेर -डेव्ह असते, फेडोरावर -डेव्हेल. आर्च लिनक्स असे दोन भाग करत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. काही जण ती लिंक हाताने तयार करतात. तसे करू नये. पुढे पॅकेज अद्ययावत झाले की ती भलत्याच आवृत्तीकडे बोट दाखवत राहते आणि मग येणाऱ्या एररचा माग काढणे कितीतरी अवघड होते.

कोणते पॅकेज हवे हे कळत नसेल तर डेबियन कुळात एपीटी-फाइल सर्च, फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स आणि आर्चवर पॅकमनचा कॅपिटल एफ पर्याय, यांना फाइलचे नाव देऊन विचारावे. अक्षरांचा आकारही तपासावा: पॅकेजचे नाव डेबियनवर संपूर्ण लहान अक्षरांत असते, पण लायब्ररीच्या नावात एक्स कॅपिटल असतो. पॅकेजचे नाव पाहून लहान एक्सने लिहिलेले -एलएक्स११ कधीच सापडणार नाही.

याच संदेशाच्या वर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ अशी ओळ असेल तर फाइल सापडली आहे, पण ती ३२ बिटची आहे आणि तुम्ही ६४ बिटचा प्रोग्रॅम बनवत आहात, किंवा याच्या उलट. जुन्या मेकफाइलमध्ये -एम३२ लिहून ठेवलेले असते, ते काढून पाहावे. खरोखरच ३२ बिटचा प्रोग्रॅम हवा असेल तर त्या स्थापत्याची डेव्ह पॅकेजेस वेगळी घ्यावी लागतात.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’

वर्तुळ काढणाऱ्या प्रत्येक ग्लट प्रोग्रॅमात ही एरर एकदा तरी येते. संदेश लांबलचक असतो (त्यातील डीएसओ म्हणजे शेअर्ड लायब्ररी): साइन या सिम्बॉलचा संदर्भ लागत नाही, आणि पुढच्याच ओळीत लिबएम.एसओ.६ चा पूर्ण पत्ता देऊन ‘एरर ॲडिंग सिम्बॉल्स’ म्हटलेले असते. लिंकर स्वतःच लायब्ररीचा पत्ता सांगतो आणि तरी ती जोडत नाही, हे पाहून वैतागणे स्वाभाविक आहे. ग्लट ही लायब्ररी स्वतःच्या गरजेसाठी लिबएमवर अवलंबून असल्यामुळे लिंकरला ती दिसते. पण तुमच्या प्रोग्रॅमने साइन थेट वापरले आहे आणि तरी लिबएम तुमच्या कमांडमध्ये नाही, हे त्याला मान्य नसते. पूर्वी अशी उसनवारी चालत असे. ग्नू लिंकर ज्या बिनयुटिल्स संचात येतो त्याच्या २०११ मधील २.२२ या आवृत्तीपासून ती बंद झाली, आणि ते योग्यच झाले, कारण उद्या ग्लटने लिबएमवरचे अवलंबित्व सोडले असते तर तुमचा प्रोग्रॅम विनाकारण मोडला असता. उपाय एका शब्दाचा आहे: ज्या लायब्ररीचे नाव संदेशात आले आहे ती कमांडच्या शेवटी जोडावी, येथे -एलएम.

एक बारकावा असा की साइनला थेट आकडा दिला असेल, उदाहरणार्थ ०.५, तर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि एरर येत नाही. कोनासाठी चल वापरताच ती येते. ‘काल चालत होता, आज फक्त एक ओळ बदलली’ या तक्रारीचे कारण अनेकदा हेच असते.

कोणते नाव कोणत्या लायब्ररीत

नावाची सुरुवात पाहिली की अंदाज येतो, पण एक्सने सुरू होणारे सगळे लिबएक्स११ मध्ये असते असे मानू नये. एक्सशेपने सुरू होणारी फंक्शने लिबएक्सएक्स्टमध्ये असतात, एक्सएफटीची लिबएक्सएफटीमध्ये, एक्सपीएमची लिबएक्सपीएममध्ये, एक्सिनेरामाची लिबएक्सिनेरामामध्ये आणि एक्सआरआरने सुरू होणारी लिबएक्सरँडआरमध्ये. जीएलयूपर्स्पेक्टिव्ह हे जीएलमध्ये नसून ग्लूमध्ये आहे. खात्री हवी असेल तर वर सांगितलेले एनएम आहेच.

हे सगळे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक लायब्ररीसाठी लागणारे पर्याय सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या कमांडला विचारणे शहाणपणाचे. घड्याळ.सी च्या नावानंतर डॉलर चिन्ह आणि कंसात ‘पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज एक्स११ एक्सएफटी’ असे लिहिले की हेडरचे मार्ग, लायब्ररींचे मार्ग आणि नावे त्या जागी आपोआप भरली जातात. एक्सएफटीसारख्या लायब्ररीला फ्रीटाइपची हेडर लागतात आणि ती नेहमीच्या जागी नसून एका उपफोल्डरमध्ये असतात. तो प्रश्नही यातच सुटतो. जीटीके, एसडीएल, जीएलएफडब्ल्यू या सर्वांसाठी हीच पद्धत आहे. मात्र हा मजकूरही सोर्स फाइलच्या नंतरच ठेवावा, नाहीतर क्रमाचा तोच खेळ पुन्हा सुरू होतो. मेकफाइल तयार करून देणारे सीमेक हे साधन वापरत असाल तर नुसते लायब्ररीचे नाव लिहिण्याऐवजी फाइंड-पॅकेजने शोधून मिळालेले लक्ष्य टार्गेट-लिंक-लायब्ररीजला द्यावे.

हीच शिस्त लिनक्सबाहेर अधिकच उपयोगी ठरते, कारण मार्ग प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. फ्रीबीएसडीवर एक्सच्या लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिब मध्ये असतात आणि कंपायलर तिथे आपणहून पाहत नाही. ओपनबीएसडीवर त्या /यूएसआर/एक्स११आर६/लिब मध्ये. मॅकवर ॲपलने एक्स११ देणे २०१२ च्या माउंटन लायनपासून थांबवले, त्यामुळे एक्सक्वार्ट्झ वेगळे बसवून /ऑप्ट/एक्स११/लिब हा मार्ग द्यावा लागतो. ओपनजीएलसाठी मॅकवर -एलजीएल न देता -फ्रेमवर्क ओपनजीएल असे लिहितात. जुन्या मेकफाइलमध्ये लिनक्ससाठीही /यूएसआर/एक्स११आर६ हा मार्ग लिहिलेला आढळतो. तो आता बहुतेक ठिकाणी अस्तित्वात नाही, पण निरुपद्रवी आहे.

लायब्ररीशी संबंध नसलेल्या एरर

काही एरर दिसायला तशाच असतात, पण कितीही -एल जोडले तरी जात नाहीत. संदेशातील नावापुढे कंसात प्रकार छापलेले असतील, जसे रेखाटा(इंट, इंट), तर सी++ कंपायलर सी++ पद्धतीचे नाव शोधत आहे आणि फंक्शन मात्र सी मध्ये कंपाइल झाले आहे, अशी शक्यता मोठी असते. त्या फंक्शनच्या हेडरमध्ये एक्स्टर्न सी ची जोड द्यावी. एक्सलिबच्या, म्हणजे लिबएक्स११ च्या, स्वतःच्या हेडरमध्ये ती आधीपासून असते, तेव्हा संशय आपल्या किंवा तिसऱ्या कोणाच्या हेडरवर घ्यावा. याउलट एसटीडी ने सुरू होणारी ढीगभर नावे सापडत नसतील तर लिंकिंग जीसीसीने केले आहे. ते जी++ ने करावे.

क्यूटी या ग्राफिकल प्रोग्रॅमांसाठीच्या सी++ लायब्ररीत ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल फॉर मेनविंडो’ ही एरर प्रसिद्ध आहे. क्लासमध्ये क्यू-ऑब्जेक्ट हा मॅक्रो लिहिला की मॉक हे साधन त्या हेडरवर चालून आणखी एक सी++ फाइल तयार करते, आणि ती फाइल कंपाइल होऊन जोडली गेली नाही की हा संदेश येतो. मॅक्रो नंतर भरला असेल तर क्यूटीचे मेकफाइल बनवणारे साधन क्यूमेक पुन्हा चालवावे. सीमेकमध्ये ऑटोमॉक चालू असल्याची खात्री करावी. क्लास हेडरऐवजी .सीपीपी फाइलमध्येच लिहिला असेल, तर त्या फाइलच्या शेवटी तिच्याच नावाची .मॉक फाइल समाविष्ट करावी लागते.

आणि नाव न सापडण्याऐवजी दोनदा सापडले तर? ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ’ ही एरर जुन्या एक्स११ प्रोग्रॅमांत मे २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून वाढली. हेडरमध्ये ‘डिस्प्ले’ नावाचे ग्लोबल चल एक्स्टर्न न लिहिता घोषित केलेले असे आणि ते हेडर चार फाइलींत समाविष्ट होई. पूर्वीचा कंपायलर ती चारही चले एकच मानून घेत असे, आता तसे घेत नाही. हेडरमध्ये एक्स्टर्न लिहून एकाच सी फाइलमध्ये खरी घोषणा करणे हा योग्य उपाय. दुसऱ्याचा कोड आहे आणि फक्त चालवून पाहायचा आहे, तर -एफकॉमन हा पर्याय देऊन वेळ निभावता येते.

लिंक झाला, पण चालत नाही

प्रोग्रॅम तयार झाला आणि चालवताच ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आले, तर लिंकरचे काम संपलेले आहे. आता तक्रार प्रोग्रॅम सुरू होताना शेअर्ड लायब्ररी शोधून आणणाऱ्या लोडरची आहे आणि -एल बदलून काही साधणार नाही. एलडीडी ही कमांड प्रोग्रॅमवर चालवली की कोणती लायब्ररी ‘नॉट फाउंड’ आहे ते कळते. लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिब मध्ये नुकतीच बसवली असेल तर रूट अधिकाराने एलडीकॉन्फिग चालवणे बहुधा पुरते. ती स्वतःच्या होम फोल्डरमध्ये असेल तर एलडी-लायब्ररी-पाथ या चलाने तात्पुरते चालवून पाहावे, पण ते चल शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवू नये, कारण त्याचा परिणाम त्या शेलमधून चालणाऱ्या इतर सर्व प्रोग्रॅमांवरही होतो. त्याऐवजी लिंक करतानाच -डब्ल्यूएल,-आरपाथ आणि पुढे त्या फोल्डरचा मार्ग द्यावा, म्हणजे कुठे शोधायचे ते त्या एका प्रोग्रॅममध्येच नोंदले जाते. नोंद झाली की नाही ते रीडएल्फला -डी पर्याय देऊन पाहता येते: नीडेड या ओळींत हव्या असलेल्या लायब्ररींची नावे आणि रनपाथ किंवा आरपाथ या ओळीत तुम्ही दिलेला मार्ग दिसायला हवा.